इंजिन कुठलं, हे शेवटी विचारा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: आराखड्यांवरून घरी बांधत असलेल्या एका आसनाच्या जायरोप्लेनची (डोक्यावर मोकळा फिरणारा रोटर आणि मागे प्रोपेलर असलेल्या छोट्या उडत्या यंत्राची) चौकट तीन वर्षांत उभी राहिली आहे. मूळ आराखडा ६४ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ६० इंची प्रोपेलर धरून केलेला आहे. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, २२० तास चाललेलं रोटॅक्स ५८२, म्हणजे तेच ६४ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, सोबत बी गिअरबॉक्स, गुणोत्तर २.५८ (प्रोपेलरच्या एका फेरीला इंजिनाच्या २.५८ फेऱ्या). दुसरा, जुन्या गाडीतलं सुबारू ईए८१. ते एक मित्र फुकट देतो आहे आणि बेल्टचं रिडक्शनही (इंजिनाच्या फेऱ्या कमी करून प्रोपेलरला देणारी जोडणी) आपल्या वर्कशॉपमध्ये करून देईन म्हणतो. तिसरा, स्नोमोबाइलमधून काढलेलं यामाहाचं तीन सिलिंडरचं, सुमारे १३० हॉर्सपॉवरचं इंजिन, अडॅप्टर लावून रोटॅक्सच्या सी गिअरबॉक्सला जोडलेलं. वाचकाचं वजन ९४ किलो. ते लिहितात, ‘५८२ मला तोकडं वाटतं. पॉवर हाताशी असली की अडचणीतून निघता येतं. प्रोपेलर ६८ इंची घ्यावा म्हणतो. गिअरबॉक्सचं काय ते इंजिन ठरलं की बघू. टू-स्ट्रोकवर माझा भरवसा नाही, आणि मित्राला नाही म्हणणंही जड जातंय. शिकाऊ उड्डाणाचे ११ तास झालेत, एकट्याने अजून उडालो नाही. कुठलं इंजिन घेऊ?’

तुमच्या पत्रात इंजिनांवर दीड पान आहे आणि गिअरबॉक्सवर एक ओळ. मला काळजी त्या एका ओळीची वाटली.

चौकटीचे फोटो पाहिले. बोल्ट आवळून झाला की त्याच्या माथ्यावर रंगाची रेघ ओढून ठेवणारा माणूस उतावळा नसतो. मग इंजिनाशी येऊनच एवढी घाई का? तीन वर्षं सांगाडा बघून कंटाळा येतो, हे मी समजू शकतो. इंजिन बसलं की यंत्र ‘झालं’ असं वाटतं. पण तुमच्या प्रश्नाचा क्रमच उलटा लागलाय. जायरोला इंजिन पुढे नेत नाही, प्रोपेलर नेतो. इंजिन हवेला हातही लावत नाही. वरचा रोटर तर उड्डाणात इंजिनाला जोडलेलाच नसतो, तो खालून वर येणाऱ्या हवेवर फिरतो. (रोटॅक्सच्या पुस्तिकेत ‘उड्डाणात रोटर फिरवणाऱ्या यंत्रांवर हे इंजिन वापरू नये’ अशी ताकीद असते, ती आपल्याला लागू होत नाही ती यामुळेच.) तेव्हा पहिला प्रश्न असा: माझ्या चौकटीत किती मोठा प्रोपेलर, किती उंचीवर बसतो? त्यातून गिअरबॉक्स ठरतो, आणि गिअरबॉक्समागे काय जोडता येईल, ते इंजिन.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, हिशोब आहे. यंत्र जागेवर उभं असताना मिळणारा रेटा हॉर्सपॉवर आणि प्रोपेलरचा व्यास यांच्या गुणाकारावर ठरतो. नेमकं सांगायचं तर त्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश घातावर. जायरो ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या पट्ट्यात रमणारं सावकाश यंत्र असल्यामुळे हा हिशोब त्याला बराचसा लागू पडतो. यातून दोन गोष्टी निघतात. हॉर्सपॉवर दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, सुमारे १.६ पट होतो. आणि व्यास वाढवण्याचा फायदा पॉवर वाढवण्याइतकाच असतो. ६४ हॉर्सपॉवरला ६८ इंची प्रोपेलर लावणं म्हणजे ६० इंचीमागे साडेबहात्तर हॉर्सपॉवर लावल्यासारखं. पात्यांचा आकार, समोरचा मास्ट (रोटर पेलणारा खांब), तुमचीच पाठ या सगळ्यांमुळे प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात, पण दिशा हीच राहते.

बेन्सनच्या बी-८एमचं उदाहरण बघा. १९५७ सालचा हा जायरो, आणि जगभर घरी बांधल्या जाणाऱ्या जायरोंचा मूळपुरुषच म्हणायचा. त्यावर ७२ हॉर्सपॉवरचं मॅककलक इंजिन असे, मुळात नेमबाजीच्या सरावासाठी उडवायच्या वैमानिकरहित लक्ष्य-विमानांसाठी बनवलेलं. गिअरबॉक्स नाही. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, चार हजारांच्या आसपास फेऱ्या, म्हणून व्यास जेमतेम ४ फूट. आता ७२ गुणिले ४८ इंच करा आणि तुमच्या आराखड्यातलं ६४ गुणिले ६० करा. हॉर्सपॉवर आठने कमी असूनही तुमचा आकडा मोठा येतो. ‘तोकडं’ ५८२ त्या काळच्या ७२ हॉर्सपॉवरपेक्षा जास्त रेटतं, आणि ही किमया गिअरबॉक्सची आहे.

गुणोत्तर कसं काढायचं तेही याच ओघात सांगतो, कारण ते गूढ समजून लोक विक्रेत्याला विचारतात. पात्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या बराच खाली ठेवायचा असतो. तो जवळ गेला की रेटा न वाढता नुसता आवाज वाढतो. सेकंदाला २०० मीटर हा आकडा धरून चाला, कारखान्यातले जायरोही त्याच्याच आसपास असतात. ६० इंची प्रोपेलरला या वेगासाठी मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्या लागतात. ५८२ आपली पूर्ण ताकद ६५०० फेऱ्यांवर देतं. ६५०० भागिले २५०० म्हणजे २.६, आणि बाजारात २.५८ मिळतं. ६८ इंचीला साधारण २२०० फेऱ्या, म्हणून गुणोत्तर ३ च्या जवळ. तेच ५८२ थेट ६० इंचीला जोडलं असतं तर टोकं ध्वनीच्या दीडपट वेगाने फिरली असती. रोटॅक्स ९१२च्या १०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला २.४३ का असतं, हेही असंच ५८०० फेऱ्यांपासून तुम्हाला घरबसल्या काढता येईल.

इथवर तुम्ही म्हणाल, मग ६८ इंची घ्यायचं माझं म्हणणं बरोबरच होतं की! दिशा बरोबर आहे. अडचण त्याच्या खालच्या चार इंचांची आहे.

तुमची चौकट ६० इंचांसाठी आहे. ६८ इंची बसवायचा तर व्यास ८ इंचांनी वाढतो, म्हणजे खालच्या कीलपासून (चौकटीच्या तळाच्या लांब दांड्यापासून) तेवढंच अंतर राखायला प्रोपेलरचा मध्य ४ इंच वर न्यावा लागतो. तो मध्य म्हणजेच रेट्याची रेषा. ती यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वर जितकी जाईल तितका इंजिनाचा रेटा नाक खाली दाबत राहतो. सरळ उडताना रोटरची ओढ हे तोलून धरते, त्यामुळे वैमानिकाला पत्ता लागत नाही. पण एखाद्या झोतात किंवा दांडी जोराने पुढे लोटल्यावर रोटरवरचा भार क्षणभर गेला, की तोलणारा हात सुटतो आणि दाबणारा तसाच राहतो. नाक खाली जातं, रोटरला खालून हवा मिळत नाही, त्याच्या फेऱ्या घटतात, आणि पुढचं सगळं एक-दोन सेकंदांत होतं. याला पॉवर पुश-ओव्हर म्हणतात. यातून परत येण्याची युक्ती कुणी शिकवत नाही, कारण ती नाही. ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठात जायरोंवर झालेल्या अभ्यासातून एक मर्यादा पुढे आली: गुरुत्वमध्य आणि रेट्याची रेषा यांतलं उभं अंतर वर किंवा खाली २ इंचांच्या आत असावं. तुम्ही एका फटक्यात ४ इंच वर जायला निघालात, आणि आज ते अंतर किती आहे याचा पत्रात उल्लेखही नाही.

आता ‘पॉवर हाताशी असली की अडचणीतून निघता येतं’ या वाक्याकडे येतो. ते अगदी खोटं नाही. जायरो एका ठरावीक वेगाच्या खाली आला की जितका सावकाश तितकी जास्त पॉवर मागतो. उंच जागेवर, उकाड्यात इंजिनाचा दमही कमी होतो. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर टर्बो नसलेलं इंजिन साधारण १५ टक्के गमावतं. अशा वेळी हाताशी थोडं जास्त असलेलं बरं. पण नवशिक्याला जायरोत ज्या अडचणी गाठतात त्या बहुधा पॉवर कमी पडल्याच्या नसतात. नाक वरखाली व्हायला लागतं, तो सावरायला जातो, हाताची हालचाल उशिरा पोचते आणि डोलणं वाढत जातं. तिथे थ्रॉटल कमी करायचा असतो. गडबडीत पुढे ढकलला, आणि मागे १३० हॉर्सपॉवर असली, तर ६० इंचीवरही त्याच नाक दाबणाऱ्या हाताला साठ टक्के जास्त जोर मिळतो. तुम्ही ११ तास शिकलायत आणि एकटे उडाला नाहीत. तुमच्या हाताला अजून जे कळायचंय ते कळेपर्यंत जास्तीची पॉवर ही सोय नाही, जोखीम आहे. तुमच्या प्रशिक्षकालाही विचारून बघा. मला वाटतं तोही हेच म्हणेल.

आणि इंजिन बंद पडण्याचं काय? टू-स्ट्रोकवर भरवसा नाही म्हणता. ठेवूच नका. कुठल्याही इंजिनावर ठेवू नका. प्रमाणित नसलेल्या इंजिनांच्या पुस्तिकेत रोटॅक्स स्वतःच लिहितं की हे इंजिन कधीही थांबू शकतं. जायरोची मोठी देणगी ही की इंजिन थांबलं तरी रोटर फिरतच असतो, आणि यंत्र लहानशा जागेत उतरवता येतं. मात्र खाली ती जागा हवी. इंजिन कुठलंही घ्या, नजर खालच्या मोकळ्या जागेवर ठेवूनच उडायचं आहे, मग विश्वास-अविश्वासाचा प्रश्न बराच सौम्य होतो.

आता गिअरबॉक्स. इथे जरा रेंगाळणार आहे.

इंजिन सलग जोर लावत नाही, ठोके देतं. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक किंवा चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक क्रँकच्या एका फेरीत दोन ठोके देतं. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक दीड. दुसऱ्या टोकाला प्रोपेलर हे जड चाक असतं, ते आपला वेग बदलायला तयार नसतं. मधले शाफ्ट, दाते, बेल्ट थोडे पिळतात आणि सुटतात. म्हणजे ही स्प्रिंगने जोडलेली दोन चाकं झाली, आणि झोपाळ्याला असते तशी या जोडीलाही आपली एक लय असते. ठोके त्या लयीत पडले की प्रत्येक ठोक्याला पीळ वाढत जातो. दाते तुटतात, शाफ्टला चीर जाते, क्रँक मोडतो. कानाला हे नेहमी ऐकूही येत नाही. उपाय दोनच: ती लय आयडलच्याही खाली न्यायची, म्हणजे मधला जोड मऊ करायचा, किंवा कमाल फेऱ्यांच्या वर न्यायची, म्हणजे सगळं ताठ करायचं. कारखान्याचे गिअरबॉक्स याचसाठी आत डँपर, म्हणजे ठोके गिळणारा जोड, घेऊन येतात. रोटॅक्स ९१२ला १४०० फेऱ्यांच्या खाली आयडल करू नका म्हणतात तेही यासाठीच. खाली गेलं की दाते एकमेकांवर हातोड्यासारखे आपटतात.

म्हणून गिअरबॉक्स ‘नंतर बघू’ म्हणता येत नाही. इंजिन, डँपर, गुणोत्तर आणि प्रोपेलर हे एकच यंत्र आहे. त्यातला एक भाग बदलला की लय बदलते. कुणी वजन वाचवायला गाडीचं फ्लायव्हील काढून टाकतं, कुणी हलक्या प्रोपेलरच्या जागी जड लावतं, आणि दहा तास काही झालं नाही म्हणून सगळ्यांना खात्रीने सांगत सुटतं. दहा तासांनी काही सिद्ध होत नाही.

प्रोपेलरचा जडपणा इथे किलोंत नाही, जडत्वात मोजतात. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं ते वर्गाच्या हिशोबाने वाढतं. रोटॅक्सच्या बी गिअरबॉक्सला ३००० किलो-चौरस सेंटिमीटर ही मर्यादा आहे, सी आणि ई गिअरबॉक्सना ६०००. तीन पात्यांचा ६८ इंची प्रोपेलर बीची मर्यादा सहज ओलांडू शकतो. घेण्याआधी उत्पादकाकडून हा आकडा लेखी मागा. तो देता येत नसेल तर तो प्रोपेलर घेऊ नका.

तुमच्या तीन पर्यायांकडे आता वळतो, आणि सोपा आधी काढून टाकतो.

यामाहा. इंजिन म्हणून ते उत्तम आहे, आणि पुष्कळ बांधणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं उडवलंय, यात वाद नाही. पण ज्यांचं ते नीट चाललं त्यांनी डँपर, क्लच, अडॅप्टर यांवर बराच काळ घालवला आहे. ते इंजिन स्नोमोबाइलच्या बेल्टसाठी बनलं, समोर प्रोपेलरसारखं जड चाक असेल असं धरून नव्हे. आणि सी गिअरबॉक्स मुळात ६५-७५ हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोकसाठी आखलेला आहे. त्यातून १३० काढणं ही उत्पादकाने दिलेली मुभा नाही, बांधणाऱ्यांनी अनुभवाने घेतलेली सूट आहे. दोन आसनांची भक्कम चौकट आणि काहीशे तासांचा हात असलेल्याने हा विचार जरूर करावा. ६४ हॉर्सपॉवरच्या चौकटीवर, पहिल्याच यंत्रावर, नको.

सुबारू. ईए८१ हे १७८१ सीसीचं, आडव्या चार सिलिंडरचं गुणी इंजिन आहे. जायरोंवर त्याने नाव कमावलंय ते उगाच नाही. कमी फेऱ्यांवर चांगला टॉर्क, शांत, पेट्रोलचा खर्च टू-स्ट्रोकपेक्षा कमी. माझी हरकत वजनाला आहे आणि बेल्टला आहे.

वजनाचं असं. रेडिएटर, पाणी, रिडक्शन धरून ते ५८२पेक्षा ५० किलोंनी तरी जड पडेल असं समजा. यंत्राचं एकूण वजन ३०० किलो झालं आणि हे जास्तीचे ५० किलो गुरुत्वमध्याच्या ६० सेंटिमीटर मागे बसले, तर गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर मागे सरकतो. मग मास्टचा कोन, रोटर लटकतो ती जागा, पुढच्या चाकावरचा भार, सगळं पुन्हा जुळवायला हवं. गंमत अशी की जड इंजिन वर असल्यामुळे गुरुत्वमध्य वरही जातो, म्हणजे रेट्याच्या रेषेजवळ येतो, आणि ‘जड इंजिनाने माझा जायरो स्थिर झाला’ असं सांगणारे लोक भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. पण उतरताना ते जास्तीचे किलो चाकांच्या पायांवर आणि चौकटीच्या सांध्यांवर येतात, आणि तुमचे सांधे त्यांच्यासाठी काढलेले नाहीत.

बेल्टचं म्हणाल तर बेल्ट वाईट नसतो. मला तो आवडतोही. डोळ्यांना दिसतो, तेल लागत नाही, ठोके थोडे गिळतो. एक लहानशी बाब: दोन दातेरी चाकांच्या साध्या गिअरबॉक्समध्ये प्रोपेलर क्रँकच्या उलटा फिरतो, बेल्टमध्ये त्याच दिशेने, म्हणून डाव्या-उजव्या हाताचा प्रोपेलर मागवताना लोक फसतात. पण मुख्य मुद्दा ओढीचा आहे. १३० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ५ सेंटिमीटर त्रिज्येची पुली धरा. बेल्टच्या दोन बाजूंमधला फरकच २६०० न्यूटन येतो, म्हणजे २६५ किलोंचा आडवा ओढा, आणि सुरुवातीला भरलेला ताण त्यावर वेगळा. हे सगळं सरासरीचं. ठोके त्याहून मोठे असतात. गाडीत क्रँकच्या टोकाला असा आडवा ओढा कधी नसतो. म्हणून चांगल्या रिडक्शनमध्ये पुलीच्या पलीकडच्या बाजूलाही बेअरिंगचा आधार देतात, जाड प्लेट असते, ताण मोजायची सोय असते. तुमच्या मित्राने याआधी असं एक तरी रिडक्शन करून शंभर-दोनशे तास उडवलंय का? त्याच्या हातात कसब असेल. पण कसबी वेल्डरला पिळाच्या लयीचं गणित येतंच असं नाही, आणि इथे पहिली चाचणी तुमच्या पाठीमागे होणार आहे.

गाडीची इंजिनं हवेत बंद पडतात तेव्हा सहसा पिस्टन-सिलिंडर दोषी नसतात. रिडक्शन, पाणी थंड राहणं, इग्निशन, पेट्रोलच्या नळ्या, म्हणजे बांधणाऱ्याने नव्याने जोडलेलं सगळं. गाडीत हे इंजिन बहुतेक वेळ चौथाई ताकदीवर आरामात असतं, इथे त्याच्याकडून पाऊण ताकद तासभर मागायची आहे, तीही रेडिएटरवर नीट वारा न येणाऱ्या जागी.

मित्राला काय सांगायचं? खरं तेच सांगा, पण इंजिन नाकारल्यासारखं नाही. ‘हे इंजिन माझ्या चौकटीला जड पडतंय, पण बांधणीत मला तुझी नजर हवी आहे.’ आणि हे तोंडदेखलं म्हणू नका, खरोखर त्याला बोलवा. दर टप्प्यावर दुसऱ्या माणसाने बोल्ट आणि जोड तपासणं हे फुकटच्या इंजिनापेक्षा मोलाचं आहे, आणि कसबी माणसाला हे काम फार छान जमतं. तो नाराज झालाच तर दोन आठवडे होईल.

राहिलं ५८२. माझं मत त्याच्या बाजूने आहे, आणि तेही मूळ आराखड्यात आहे तसंच: ६० इंची हलका प्रोपेलर, २.५८. वर आपण हिशोब केला तेव्हा हाच जोड निघाला होता. आराखडा करणाऱ्यानेही तो केलेला दिसतो. यंत्र, तुम्ही आणि पेट्रोल मिळून २७० किलोंच्या आसपास असाल तर ६४ हॉर्सपॉवर पुरते. ६८ इंचींचा हट्टच असेल तर सी किंवा ई गिअरबॉक्स, गुणोत्तर ३, आणि कील खाली घेतलेली चौकट असा संचच बदलावा लागेल, तोही आराखडा करणाऱ्याला विचारून. सी बॉक्स बीपेक्षा सुमारे साडेतीन किलोंनी जड आहे, आणि ते वजन अगदी शेपटाकडे बसतं. रोटॅक्सच्या टू-स्ट्रोकवर गिअरबॉक्स प्रोपेलरचा शाफ्ट वर किंवा खाली ठेवून बसवता येतो. त्यामुळे इंजिन न हलवता रेट्याची रेषा हलते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

पण २२० तासांचं ते इंजिन चालू होतं आणि छान वाजतं एवढ्यावर घेऊ नका. ५८२ची मोठी दुरुस्ती ३०० तासांना येते, म्हणजे तुम्ही ८० तास विकत घेताय आणि नंतर क्रँकचा खर्च. ते तास किती वर्षांत झाले हे विचारा. टू-स्ट्रोकचं क्रँक बेअरिंग तेल-पेट्रोलच्या मिश्रणावर जगतं. तेल न मारता दोन वर्षं पडून राहिलेल्या इंजिनात आत गंज धरलेला असू शकतो आणि बाहेरून ते चकाचक दिसतं. मी असतो तर किंमत उघडून तपासणीचा आणि नव्या क्रँकचा खर्च धरूनच ठरवली असती, मग ते स्वस्त वाटतं का ते बघितलं असतं.

एकदा ते तुमचं झालं की त्याच्या खोडी सांभाळायच्या. पाणी तापल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही. पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागून, आणि मध्ये इंजिन सीझ होतं. पात्यांचा कोन, म्हणजे पिच, असा लावा की जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला फेऱ्या ६२०० ते ६५०० पर्यंत चढतील. कोन जास्त ठेवला तर इंजिन ५८००वर दमून बसतं, पॉवरही देत नाही आणि तापतंही. ‘५८२ तोकडं आहे’ असं सांगणाऱ्या किती जणांनी पिच तपासला असेल, याची मला शंकाच आहे. आयडलला गिअरबॉक्स खडखडत असेल तर आयडल वाढवा, त्या आवाजाची सवय करून घेऊ नका. आणि जायरोत प्रोपेलर इंजिनाच्या मागे असतो, हे दर नटाला आठवा. सायलेन्सरची स्प्रिंग, कार्ब्युरेटरचा क्लिप, एखादा वॉशर, जे सुटेल ते पात्यांतून जाणार. एका ओळखीच्या जायरोवर बोटभर लांबीच्या स्प्रिंगने पात्याची कड खाल्लेली मी पाहिली आहे. प्रत्येक स्प्रिंगमधून सेफ्टी वायर ओवा आणि वर सिलिकॉन भरा.

हेच पत्र दोन आसनांचा जायरो बांधणाऱ्याने लिहिलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. दोन माणसांसाठी ५८२ खरंच तोकडं आहे. तिथे ९१२चं १०० हॉर्सपॉवरचं किंवा ९१४चं ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन घ्या, गिअरबॉक्स आणि डँपर कारखान्यातूनच जुळून येतो, आणि ९१२ला मोठी दुरुस्ती २००० तासांना आहे. ती किंमत झेपत नसेल तर गाडीचं इंजिन जरूर, पण रिडक्शन मात्र त्याच इंजिनावर, त्याच मापाच्या प्रोपेलरसह बरेच तास उडालेलं. इंजिनाच्या डोक्यावर किंवा बाजूला प्री-रोटेटरला जागा आहे का, तेही चौकट वेल्ड करण्याआधी बघा. धावपट्टीवर रोटरला आधी फेऱ्या देणारी ती जोडणी पुष्कळांना शेवटी आठवते.

आता तुम्हाला करायच्या कामाचं. पैसे मोजण्याआधी इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाचं काहीतरी बांधा, आसनावर स्वतः बसा, टाकी अर्धी भरा, आणि यंत्र रोटरच्या बोल्टापासून टांगा. एक ओळंबा सोडून बाजूच्या फळीवर रेघ ओढा. मग दुसऱ्या एखाद्या बिंदूपासून टांगून पुन्हा ओळंबा सोडा. दोन रेघा जिथे छेदतात तो तुमचा गुरुत्वमध्य. टांगणी भक्कम हवी आणि खाली गाद्या हव्यात. याला दोन माणसं लागतात, मित्राला पहिलं बोलावणं याचंच करा. त्या छेदबिंदूपासून प्रोपेलरच्या मध्यापर्यंत उभं अंतर किती इंच भरतं ते मोजा आणि मला कळवा. तोवर कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, आणि शिकवणीचे तास मात्र थांबवू नका.